गळ्यातली द्वारका

“काकू, आमचा एक फोटो काढता का... प्लीज?”

नळदुर्गच्या किल्ल्यात, पाणी महालाच्या वरच्या पायरीवर शिवकांता दम खात बसली होती, तेवढ्यात ही पोरगी पुढ्यात येऊन उभी राहिली. हातभर हिरवा चुडा, अंगाला अजून हळदीचा वास, आणि मागे लाजून चूर झालेला नवरा. शिवकांतानं फोटो काढले. त्यातल्या दोनांत नवऱ्याचं डोकंच आलं नाही, पण पोरीला त्याचं काही वाटलं नाही. तिचं नाव हर्षाली. परवा लग्न झालेलं, तुळजापूरला आईचं दर्शन घेऊन दोघं तशीच इकडे आलेली.

“आता तुमचा काढते. काका, जवळ सरका की!”

“तीस वर्षं जवळच हाय,” रामहरी म्हणाला. “सरका, सरका म्हणायचं काम तर माझं होतं, बाई.”

एसटीत कंडक्टर म्हणून त्याचा सगळा जन्म गेला होता. एकेकाळी भरल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा त्याचा आवाज आता हातभर अंतरावरही नीट ऐकू येत नव्हता.

“तीस वर्षं? आजच झाली का?”

“आजच,” शिवकांता म्हणाली. “आमचा हनिमून बी इथंच झाला. दीड तासाचा. साडेपाचची गाडी धरायची होती.”

हर्षाली खळखळून हसली. काकूंचा पदर नीट करायला ती वाकली, तेव्हा मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा एवढासा पत्रा तिला दिसला. त्यावर बाईची आकृती उठवलेली होती.

“किती गोड! देवी आहे का?”

“न्हाय. माझी सवत हाय.”

पोरीचं हसू जागच्या जागी विरलं. तिनं घाईघाईनं फोटो काढला, दोघांच्या पाया पडली आणि नवऱ्याचा हात घट्ट धरून निघून गेली. खरं तर नव्या नवरीला असलं काही ऐकवू नये. पण आज शिवकांताची जीभ सैल सुटली होती, आणि त्याला तसंच कारण होतं.

कारण रामहरीच्या अन्ननळीत होतं. सोलापूरच्या डॉक्टरांनी दोन-तीन महिने सांगितले होते. वर म्हणाले होते, “आता घरी न्या. कुठं जायची इच्छा असेल तर फिरवून आणा.” अशा बोलण्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मुंबई नाही, काशी नाही, रामहरीनं नळदुर्ग म्हटलं. तेही लग्नाच्या वाढदिवसालाच. म्हणून सास्तूरहून भाड्याची जीप करून दोघं आली होती.

त्याची पहिली बायको द्वारका. लग्नाला दीड वर्ष झालेलं, आणि भूकंपात घर अंगावर येऊन ती गेली. रामहरी त्या रात्री मुक्कामाच्या गाडीवर होता, म्हणून वाचला. दोन वर्षांनी शिवकांता त्या घरात आली. पहिली बायको सवाष्ण गेलेली असली, तर दुसरीनं तिच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा, ही रीत. सासूनं तो मांडवातच बांधला. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. गजरा आधी तिला, मग आपल्याला. शिवकांतानं सगळं बिनबोभाट केलं. पण बोलता बोलता रामहरीची नजर तिच्या गळ्याकडे जायची आणि तो गप्प व्हायचा. झालं, गेली स्वारी द्वारकेकडे... असं म्हणून ती आतल्या आत जळायची. सवतीशी भांडावं, तर भांडायला ती जिवंतही नव्हती.

आणि आता तर तो जाणार होता. म्हणजे द्वारकेकडेच जाणार होता. तिथे तिचा हक्क आधीचा. मग ही तीस वर्षं कुणाची होती? ती आपली होती, असं एकदा तरी त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. नंतर विचारायला माणूस कुठला?

पावसाळा नुकताच लागला होता, नुसती भुरभुर चालली होती. समोर धबधब्याला अजून पाणी नव्हतं, दगडावर शेवाळाची नुसती काळी खूण.

“लग्नाच्या साली बी कोरडाच होता,” रामहरी म्हणाला.

“तवा म्हणाला होता, पावसाळ्यात पाणी दाखवायला आणतो.”

“ड्युटी असायची गं...”

“तीस पावसाळे?”

“तू बी कधी रुसून बसली न्हाईस.”

“रुसल्यावर समजूत काढायला तुम्ही घरी असायला पायजे ना!”

तो हसला आणि त्याला ठसका लागला. तिनं थर्मासातलं मुगाचं कढण झाकणात ओतून दिलं. दोन घोट गेले, तिसरा परत आला. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. पुसता पुसताच विचारून टाकलं.

“रागावणार न्हाय ना?”

“रागवायला बी ताकद लागती.”

“तिकडं गेल्यावर... ती भेटल तुम्हाला. मंग माझं काय?”

रामहरीची नजर नेहमीसारखी तिच्या गळ्याकडे गेली.

“बघा! अजून बी तिकडंच बघताय!”

“तिला बघत न्हाय...” तो थांबत थांबत म्हणाला. “तिचं तोंड आठवतंय का, ते बघतो. न्हाय आठवत, शिवकांता. फोटो घरासंगं गेले. सोनारानं टाकावर मनानंच तोंड उठवलं. आईनं विचारलं, तिच्यावानी झालंय का? म्या म्हणलं, व्हय. खोटंच. ह्या हातांनी तिला मातीतनं काढलं, आन् तिचं तोंड आठवंना. आन् तुझ्या हनुवटीवरचं गोंदण मात्र डोळे मिटले तरी दिसतंय. लई लाज वाटायची. सांगू कुणाला?”

शिवकांताचा हात हनुवटीवरच्या गोंदणावर गेला.

“मंग तिकडं भेटली तर?”

“वळखायचो न्हाय. तू येस्तवर बसून राहीन.” त्यानं श्वास घेतला. “सावकाश ये... घाई करू नगंस.”

हेच ऐकायला ती तीस वर्षं थांबली होती. तिला वाटलं होतं, हे ऐकलं की जीव निवेल. तो निवलाही, क्षणभर.

“आण तो दोरा, सोडतो,” रामहरी म्हणाला. “मागं बंधाऱ्याच्या पाण्यात सोडू. लई वागवलंस.”

तिनं मान वाकवली. त्याची गार बोटं मानेवर गाठ शोधू लागली. आणि एकाएकी तिच्या मनात आलं, जिनं ह्याच्यापायी सास्तूरला येऊन जीव गमावला, तिचं तोंड ह्यालाच आठवेना. तिच्या माहेरचंही कुणी उरलं नाही. आता आपणही तिला काढून टाकलं, तर ती राहिली कुठे?

तिनं त्याचा हात धरला. “राहू द्या.”

“का गं?”

“असू द्या... सवय झालीया.”

आणि तिला रडू कोसळलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच ती द्वारकेसाठी रडत होती. रामहरीला वाटलं, आपल्यासाठीच रडतेय. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला, आणि तिनं त्याला तसंच वाटू दिलं.