लांडग्याच्या घळीची लाल दोरी

“दोरी कुठे गेली?” लादिना कचकन थांबली.

मागून येणारा कुर्दिन तिच्या पाठीवर आदळला आणि बहीणभाऊ दोघंही बर्फात आडवे झाले. त्यांचा मामेभाऊ फ्लुरिन मात्र स्कीवर ऐटीत वळण घेऊन, दोघांच्या अंगावर बर्फाचा फवारा उडवत उभा राहिला.

“वा! काय थांबलात! टाळ्या!”

“गप रे! दोरी बघ ना. काल इथे लाल दोरी होती, पिवळी पाटी होती. आज दोन्ही नाहीत!”

फ्लुरिननं गॉगल वर केला. समोर लांडग्याची घळ होती. दोन खडकांच्या मधून सुरू होणारा, थेट खालच्या लार्चच्या झाडांपर्यंत जाणारा पांढराशुभ्र उतार. रात्रभर बर्फ पडला होता आणि त्याच्यावर एक ओरखडाही नव्हता. कुणालाही मोह पडावा असाच होता तो.

“वाऱ्यानं उडाली असेल,” फ्लुरिन म्हणाला.

“वाऱ्याला कडी उघडता येते?” लादिनानं खांबावरची लोखंडी कडी दाखवली. ती व्यवस्थित उघडलेली होती. कुर्दिन तोवर खडकामागे पोचला होता. नऊ वर्षांच्या त्या पोराचं नाक प्रत्येक ठिकाणी आधी पोचायचं.

“ताई! सापडली! इथे लपवलीय! गुंडाळून ठेवलीय, अगदी नीट!”

पाटीही सापडली. खडकापासून चार पावलांवर, घळीच्या तोंडाशी, बर्फातून तिचा पिवळा कोपरा डोकावत होता. लादिना ती उपसायला पुढे गेली. ‘बंद! हिमलोटाचा धोका!’ ही अक्षरं खाली करून कुणीतरी पाटी पालथी घातली होती आणि वर बर्फ लोटला होता. बाजूला काठ्यांचे ठसे होते. एका काठीच्या टोकाचं चाक गोल, दुसरीचं चांदणीसारखं.

“हे बघा, दोन वेगळ्या काठ्या...” ती बोलता बोलता वळली आणि तेवढ्यात तिच्या पायाखाली ‘धप्प’ झालं.

आवाज मोठा नव्हता. डोंगराच्या पोटात कुणीतरी भलाथोरला उसासा टाकून खाली बसावं, तसा. पण लादिनाच्या अंगावर काटा आला. तिच्या स्कीच्या टोकापासून एक बारीक रेघ निघाली आणि बर्फावरून सळसळत दहा हात लांब गेली. केसाएवढी रेघ.

“लादिना,” फ्लुरिनच्या आवाजातली सगळी ऐट गेली होती. “हलू नकोस. नाही, नाही, हल! पण हळू. माझ्याकडे ये.”

ती एकेक पाऊल आडवं टाकत मागे आली. चार पावलं. तिला ती चारशे वाटली. खडकाशी पोचल्यावर ती मटकन खाली बसली.

“तो आवाज कसला होता?” कुर्दिननं कुजबुजत विचारलं.

“खालचा थर सुटलाय,” फ्लुरिन म्हणाला. त्याचं घरच डोंगरात होतं, शाळेत त्यांना हे शिकवलेलं होतं. “वरचा बर्फ नुसता टेकून बसलाय. कुणी त्याच्यावर गेलं की...” त्यानं हातानं सगळं खाली घसरल्याची खूण केली.

तिघांनी दोरी पुन्हा बांधली, पाटी रोवली आणि पहारा पथकाच्या लाकडी खोलीपर्यंत सुसाट गेले. खोलीला कुलूप होतं. दारावर चिठ्ठी होती: ‘पलीकडच्या उतारावरचा सैल बर्फ सुरुंगानं पाडायला गेलो आहोत. दोनपर्यंत परत.’ खाली सही, मेंगा.

“आता बाबांना सांगायचं,” लादिना म्हणाली.

बाबा आणि आंद्रीमामा उपाहारगृहाच्या गच्चीवर उन्हात बसले होते. आईचा गुडघा पहिल्याच दिवशी मुरगळला होता, त्यामुळे ती खाली गावात होती. दोघांसमोर जवाच्या सूपचे वाडगे होते आणि दोघांच्या मधोमध वाटाड्या बाल्त्सर बसला होता. उन्हानं तांबूस झालेला चेहरा, पांढऱ्या मिशा, गडगडाटी हसू. आंद्रीमामाला लहानपणी स्की शिकवली ती यानंच. दर फेब्रुवारीत दोन्ही कुटुंबं सुट्टीला इथे, वाल्सेरा गावात यायची आणि दर वर्षी बाल्त्सर त्यांना एखादी ‘गुप्त वाट’ दाखवायचा.

मुलं पायऱ्या चढत होती, तेव्हा कुर्दिननं ताईचा हात घट्ट धरला आणि हनुवटीनंच भिंतीकडे खूण केली. तिथे स्की आणि काठ्या रांगेत उभ्या होत्या. निळ्या स्कींजवळच्या जोडीतल्या एका काठीला गोल चाक होतं आणि दुसरीला चांदणी!

“त्या निळ्या स्की कुणाच्या?” लादिनानं वाढणाऱ्या बाईंना विचारलं.

“त्या होय? बाल्त्सरच्या. त्याची एक काठी गेल्या वर्षी मोडली. नवी जोडी घेईल तर शपथ!”

लादिना टेबलाशी पोचली तेव्हा बाल्त्सर हळू आवाजात सांगत होता, “दीड वाजता घळीपाशी असू. लख्ख ऊन, ताजा बर्फ आणि आपण तिघंच! लांडग्याची घळ म्हणजे काय चीज आहे, कळेल तुम्हाला.”

“बाबा, ती घळ बंद आहे!” लादिना जवळजवळ ओरडलीच. “तिथे पाटी आहे. कुणीतरी पुरून ठेवली होती. आणि मी तिथे गेले तर खालून धप्प आवाज आला, बर्फाला भेग पडली!”

“तू गेलीस? दोरीच्या पलीकडे?” बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“दोरी नव्हतीच! ती यांनी...” ती थांबली. सगळे तिच्याकडे बघत होते. “ती बाल्त्सरकाकांनी काढली. तिथे त्यांच्या काठ्यांचे ठसे आहेत.”

बाल्त्सर एवढ्या मोठ्यानं हसला, की शेजारच्या टेबलावरचा कुत्रा भुंकायला लागला.

“अरे, ही तर पोलिसात जाणार! बाळ, त्या पाट्या पंधरा पंधरा दिवस तशाच राहतात. पथकाला काढायचा आळस. तीस वर्षं मी त्या घळीतून उतरतोय. मी पडलेला दिसतो का तुला?”

“लादिना, माफी माग,” बाबा म्हणाले.

“पण बाबा...”

“माफी माग. आणि तुम्ही तिघं निळ्या खुणेच्या सोप्या उतारावरच राहायचं. कळलं?” मग बाबा जरा वाकले आणि हळूच म्हणाले, “आणि आईला आत्ताच काही सांगू नका. उगाच काळजी करत बसेल.”

लादिनाला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. नुसती भीती वाटत राहिली.

गच्चीखाली तिघं गोल करून उभे राहिले.

“यांचे बूट लपवूया!” कुर्दिन म्हणाला.

“पायात आहेत ते, शहाण्या!”

“मग आपणच घळीच्या तोंडाशी आडवे उभे राहू.”

“बाबा उचलून बाजूला ठेवतील,” लादिना म्हणाली. “मेंगा येईपर्यंत थांबवायचंय. दोनपर्यंत. फक्त अर्धा तास.” तिनं वर पाहिलं. चेअरलिफ्टच्या खुर्च्या एकामागून एक संथपणे डोंगरावर चढत होत्या. घळीकडे जायला दुसरी वाट नव्हती. “फ्लुरिन, लिफ्ट बंद करता येते?”

फ्लुरिननं खुर्च्यांकडे बघितलं. “वरच्या टोकाला लाल बटण असतं. पण ते उगाच दाबलं तर... लादिना, आपल्याला सगळ्यांना घरी पाठवतील!”

“पाठवू देत.”

सव्वा वाजता मुलं वर पोचली. ऊन आता घळीवर सरळ पडलं होतं. वरच्या कड्यावरून बर्फाचे लहान लहान गोळे सुटून घरंगळत होते.

“तुम्ही दोघं दोरीपाशी थांबा,” लादिनानं सांगितलं. “दुसरं कुणी आलं तर अडवा. खडकाच्या अलीकडेच उभं राहायचं! कुर्दिन, पाऊलसुद्धा पुढे टाकायचं नाही!”

लिफ्टच्या खोलीशी लिफ्ट चालवणारे तोना आजोबा फावड्यानं उतरायची जागा सपाट करत होते. लाल बटण त्यांच्या मागे खांबावर होतं. लादिना तिथे उभी राहून खाली बघू लागली. एक वाजून अठ्ठावीस मिनिटं. एकोणतीस. लांबवर बाबांचं हिरवं हेल्मेट दिसलं. एकाच खुर्चीत तिघं होते. बाल्त्सर हात पसरून त्यांना समोरची घळ दाखवत होता.

खुर्ची अर्ध्यावर आली. लादिनाचा हात उठेना. मोठ्या माणसांचं चुकत असेल असं कसं म्हणायचं? आणि आपलंच चुकत असेल तर? मग तिला ती केसाएवढी रेघ आठवली.

तिनं बटण दाबलं.

घर्रर्र करत चाक थांबलं. सगळ्या खुर्च्या हवेत झोके घेऊ लागल्या. खालून आरडाओरडा सुरू झाला.

“कुणी दाबलं?” तोना आजोबा फावडं टाकून धावले. “कोण पडलं? कुठाय?”

“कुणी नाही पडलं. मी दाबलं, आजोबा.”

“मस्करी वाटते तुला? वीस माणसं लटकलीत तिथे! हो बाजूला!”

“नाही होणार!” लादिना बटणासमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली. तिचा आवाज फाटला होता. “माझे बाबा आहेत त्या खुर्चीत! ते घळीत उतरणार आहेत! तिथली दोरी सोडली होती, पाटी बर्फात पुरली होती!”

आजोबांचा हात हवेतच राहिला. “पुरली होती? काल संध्याकाळी मी स्वतः हातोड्यानं ठोकलीय ती पाटी!”

“आणि खालून धप्प आवाज आला. भेग पडली.”

आजोबांच्या चेहऱ्याचा रंगच उतरला. त्यांनी कमरेचा वायरलेस काढला. “मेंगा! लांडग्याची घळ. असशील तशी ये.”

पाचच मिनिटांत बर्फावरच्या मोटरगाडीचा आवाज ऐकू आला. लाल जाकीट घातलेली मेंगा अजून उतरतही नव्हती, आणि डोंगर तडकला.

बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. घळीच्या वरच्या अंगाला, या खडकापासून त्या खडकापर्यंत, एक काळी रेघ उमटली. अख्खा उतार एकदम खाली सरकू लागला, आधी हळू, ओढलेल्या चादरीसारखा, मग त्याचे घराएवढे तुकडे झाले, आणि मग सगळं पांढऱ्या धुरात गेलं. जमीन थरथरत होती. खालची लार्चची झाडं काड्यांसारखी मोडताना ऐकू येत होती. धुराचा एक लोट उसळून वर आला आणि घळीचं तोंड, खडक, दोरी, सगळं त्यात गडप झालं.

तिथेच तर दोघं होते!

“कुर्दिन!” लादिना किंचाळली. “फ्लुरिन!”

उत्तर नाही. ती धावत सुटली. बूट जड, बर्फ गुडघ्यापर्यंत. आपणच पाठवलं त्यांना तिथे. आपणच! मेंगा तिच्या मागून “थांब, पोरी, थांब!” म्हणून ओरडत होती, पण तिला ते ऐकू येत नव्हतं. तोंडात, नाकात, डोळ्यांत बर्फाचा भुगा जात होता. काहीच दिसत नव्हतं.

मग त्या पांढऱ्या धुरातून कुणीतरी शिंकलं.

खडकाच्या अलीकडे, एकमेकांना घट्ट मिठी मारून, दोन पांढरेफटक पुतळे बसलेले होते. त्यांच्या पुढे पाच हातांवर डोंगर संपला होता. तिथे आता नुसता उघडा, काळा कडा होता.

“ताई,” लहान पुतळा रडत म्हणाला, “मी पाऊलसुद्धा पुढे टाकलं नाही.”

लादिनानं त्याला एवढं घट्ट आवळलं, की तो ओरडला.

मेंगानं कड्यापाशी जाऊन दुर्बिणीतून बराच वेळ खाली पाहिलं. कुठे कुणाच्या स्कीची खूण नव्हती, घळीत कुणी उतरलेलं नव्हतं. तिनं खूण केली तेव्हाच तोना आजोबांनी लिफ्ट सुरू केली. खुर्च्यांतली माणसं एकेक करून उतरली. कुणीही आरडाओरडा केला नाही. त्यांनी लटकल्या लटकल्या सगळं पाहिलं होतं.

बाल्त्सर सर्वांत शेवटी उतरला. दहा मिनिटांत त्याचं वय दहा वर्षांनी वाढल्यासारखं दिसत होतं.

“दोरी मीच सोडली,” मेंगानं विचारायच्या आतच तो म्हणाला. “आज सकाळी. पाटी दिसली की पाहुणे घाबरतात. मला वाटलं, मी हा डोंगर ओळखतो.”

“तुझ्या मागे या मुलांचे बाप होते, बाल्त्सर,” मेंगा म्हणाली. ती ओरडली नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. “बिल्ला दे इकडे. आजपासून या डोंगरावर तू कुणालाही घेऊन जायचं नाही.”

त्यानं जाकिटावरचा वाटाड्याचा बिल्ला काढून तिच्या हातावर ठेवला आणि तो मुलांसमोर येऊन उभा राहिला. त्यानं टोपी काढली, मान खाली घातली आणि तो निघून गेला.

मेंगा लादिनाकडे वळली. “बावीस वर्षं मी हे काम करतेय. लोकांना घाबरा असं सांगून सांगून घसा बसलाय माझा. आज तू घाबरलीस, आणि घाबरूनही जे करायचं ते केलंस. शाबास, पोरी! आणि तुम्ही दोघं पहारेकरी, तुम्हीही शाबास!”

“पण बटण दाबल्याचा दंड?” फ्लुरिननं चाचरत विचारलं.

“दंड तर होणारच,” तोना आजोबा गंभीरपणे म्हणाले. “तिघांनी मिळून माझ्या घरची अक्रोडाची अख्खी गोड टार्ट संपवायची!”

आंद्रीमामा हसला, त्यानं फ्लुरिनला जवळ ओढलं, आणि हसता हसताच त्याचे डोळे भरून आले.

सगळे खाली गावात आले. दाराशी आई काठी टेकत उभी होती, तिच्यापर्यंत बातमी आधीच पोचलेली होती. लादिना ओसरीतल्या बाकावर बसून बूट काढू लागली, पण बोटं इतकी गारठली होती की खटके उघडेनात. तेव्हा बाबा तिच्यासमोर जमिनीवर गुडघे टेकून बसले आणि तिचा एकेक खटका उघडू लागले, ती तीन वर्षांची होती तेव्हा उघडायचे तसे. पहिला उघडला, दुसरा उघडला. तिसऱ्याला त्यांचे हात इतके थरथरायला लागले की तो त्यांच्याही हातून उघडेना.

“बाबा,” लादिना हळूच म्हणाली, “राहू दे. आपण दोघं मिळून काढू.”