सायलस पेनहॅलोला मारलेली हाक

होबार्टहून आम्ही बहीणभाऊ सकाळीच निघालो. आईची एकच इच्छा राहून गेली होती. आमचे खापरपणजोबा सायलस, मेंढी चोरली म्हणून इंग्लंडहून जहाजात घालून इकडे शिक्षा भोगायला आणलेले, इथल्याच एका किनाऱ्यावरच्या तुरुंगात वारले. तिथे कैद्याला नाव नसे, नुसता नंबर. बोलायलाही बंदी. "एकदा तिथे जाऊन त्यांना नावानं हाक मारा रे," आई म्हणायची.

"भुताला आमंत्रण द्यायला पेट्रोल जाळतोय आपण," गाडी चालवता चालवता डेस्मंडदादा म्हणाला.

"तू बाहेर थांब. मी मारीन हाक."

तुरुंग आता लोकांना बघायला उघडा असतो. अंधारकोठडीपाशी तिथली माहिती सांगणारी बाई म्हणाली, "दार लावू? बरेच जण लगेच ओरडतात हं."

"मी सांगेपर्यंत उघडू नका."

एकामागून एक जाड दारं लागली. अंधार असा, की डोळे उघडे आहेत की मिटलेले तेच कळेना. ओल्या दगडाचा वास, आणि त्यात मिसळलेला न धुतलेल्या लोकरीचा. मी मोठ्यानं हाक मारली, "सायलस पेनहॅलो!"

शांतता... मग अगदी कानाशी कुणीतरी श्वास घेतला. बर्फासारखा एक हात माझ्या हातात आला. किंकाळी घशापर्यंत आली, ती मी गिळली. तो हात माझ्याहून जास्त थरथरत होता.

"मी मेरिन. तुमच्याच घरची," मी कुजबुजले. "चला... बाहेर जाऊ."

मी आवाज दिल्यावर दारं उघडली. उन्हात माझ्या हातात काहीच दिसेना, पण पकड सुटली नव्हती. मी तशीच चालत गाडीपाशी आले आणि मागचं दार उघडून धरलं.

"कुणासाठी गं?" दादा हसला. माझा चेहरा पाहून त्यानं गाडी सुरू केली.

रस्ता समुद्राच्या कडेनं चढत होता. आम्ही दोघंच, तरी गाडी चढाला कुंथायला लागली. दादानं गिअर बदलला, आरशात पाहिलं आणि पांढराफटक पडला.

"मेरिन... तू एकट्यालाच हाक मारलीस ना?"

"हो."

"मग... मागे फिरवू?"

"नाही. चालव. आता कुणालाच परत सोडायचं नाही."

मी वळून पाहिलं. मागची सीट रिकामी होती. समुद्राकडच्या काचेवर मात्र आतून दाट वाफ धरली होती. बघता बघता त्या वाफेत तळहाताएवढा गोल पुसला गेला. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग बराच खाली, लहान मुलाच्या हाताएवढा, तिसरा.