झोतातला हात

कासुबाची जीभ तिखट, असं एन्डोला शहरातल्या त्या इस्पितळात सगळेच म्हणायचे. क्ष-किरणांचं यंत्र तिच्या ताब्यात होतं. शिशाचा एप्रन घातल्याशिवाय ती मोठ्या डॉक्टरांनाही आत पाऊल टाकू देत नसे. किरणांचा झोत चालू असताना पडद्यावर कुणाची बोटं दिसली, की काचेआडून ओरडायची, "हात!"

त्या मंगळवारी मुतखड्याचा एक रुग्ण होता. नळी आत सरकत होती, आणि पडद्यावर त्याच्या बरगड्यांखाली पाच बोटांची हाडं उमटली.

"डॉक्टर, हात काढा!"

डॉक्टर सिचोनेंनी दोन्ही हात वर केले. "हे बघा, बामायो. आता काय पोलिसात देता?" बामायो म्हणजे आई, चिडवतानाही ते तिला मानानंच हाक मारायचे. नमोंजे नर्स खुदकन हसली. ती तर पार दाराशी उभी होती.

पडद्यावरचा हात तिथंच होता.

कासुबानं झोत बंद केला, पुन्हा चालू केला. आता नुसता रुग्ण. दुरुस्तीवाल्यानं येऊन तासभर यंत्र उघडून पाहिलं. जुनं चित्र कधीकधी पडद्यावर रेंगाळतं, म्हणाला. कासुबाला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा ना. कारण त्या हाताची बोटं मिटताना तिनं पाहिली होती, आणि रेंगाळलेलं चित्र बोटं कशी मिटेल?

शुक्रवारी दुपारी लव्हनेसला धावतपळत आणलं. बावीस वर्षांची पोर, सकाळीच बाळंत झालेली. रक्त थांबता थांबत नव्हतं. मांडीतून बारीक नळी वर नेऊन फुटलेली रक्तवाहिनी आतूनच बुजवायची होती. नळीतून सोडलेलं औषध फुटलेल्या जागेतून पडद्यावर काळ्या धुरासारखं ओटीपोटात पसरत होतं. नमोंजे घसरता रक्तदाब आणि धावणारी नाडी वाचत होती आणि दर वेळी तिचा आवाज बारीक होत होता.

मग धुराच्या कडेनं तो हात आत आला.

काचेआड कासुबा बटणावरचा अंगठा उचलणारच होती. झोतात हात दिसला की बटण सोडायचं. वीस वर्षं तिनं दुसरं काही केलं नव्हतं.

"बंद करू नका, बामायो! मला दिसायला हवं."

"कुणाचा हात आहे तो?" नमोंजे कुजबुजली.



हाताचं मधलं बोट सावकाश वाकलं. धूर जिथून निघत होता, नेमकं तिथं टेकलं.

धूर थांबला.

"धरलंय," सिचोने म्हणाले. "कुणीतरी धरून ठेवलंय. बामायो, सोडू नका."

कासुबानं बटण दाबून धरलं.

बावीस मिनिटं.

तेवढ्यात डॉक्टरांनी रक्तवाहिनी बुजवली. लव्हनेस वाचली. साठवलेल्या चित्रांत तो हात कुठंच नव्हता. तिघांपैकी कुणीही पुन्हा तो विषय काढला नाही.

दोन आठवड्यांनी कासुबा घरी मक्याच्या पिठाची इन्शिमा घोटत होती, तेव्हा तिची लेक म्हणाली, "मायो, हात भाजला का गं?"

डाव्या हाताच्या पाठीवर लाल चट्टा उठला होता. चारही कडा पट्टीनं आखल्यासारख्या सरळ, झोताच्या चौकटीसारखा. क्ष-किरणांनी भाजलेलं कातडं असंच उशिरा लाल होतं, हे ती नव्या नर्सना नेहमी सांगायची. पण ती स्वतः तर शेवटपर्यंत काचेआड होती.

"वाफ लागली असेल," ती म्हणाली.

लेक बाहेर गेल्यावर तिनं तो हात टेबलावर टेकवला. मधल्या बोटाच्या टोकाखाली काहीतरी ठोकत होतं. लाकूड तर थंड होतं. तिनं बोट उचललं, तरी ठोके थांबले नाहीत. मग दुसऱ्या हातानं तिनं स्वतःचं मनगट धरलं.

मनगटातली नाडी सावकाश चालली होती. बोटाखालची दुप्पट वेगानं.