दोनदा वाजलेले अकरा

ऐका, पण आधी ते फोन खिशात घाला. या गच्चीवर नेट येत नाही. हात उंच करून फिरलात तरी येणार नाही, तुमच्याआधी पुष्कळांनी फिरून पाहिलंय. आणि घरमालकाच्या नावाने बोटं मोडणं बंद करा, कारण मी सांगणार आहे ते नेटचंच आहे. ज्याच्यावर ते गुदरलं तो महरूस आपल्याच दुमियात शहरातला. पुलापलीकडे त्याचं फर्निचरचं दुकान आहे, मी अजून तिथे चहाला जातो.

रात्रही सांगतो, म्हणजे या म्हाताऱ्याने घोळ घातला असं नंतर कोणी म्हणायला नको. गेल्या ऑक्टोबरातला शेवटचा गुरुवार. उन्हाळ्यासाठी तासभर पुढे केलेली घड्याळं त्या रात्री मागे घेतात. बारा वाजले की घड्याळ परत अकरावर येतं, आणि अकरा ते बाराचा तास दोनदा काढावा लागतो.

ईशाची, म्हणजे रात्रीची, नमाज आटोपून महरूस बाजारात गेला होता, सिग्नल वाढवायचं यंत्र आणायला. दुकानात गिऱ्हाईक कमी झाल्यापासून तो रात्री अकराला घरातून लाइव्ह बसायचा. मागच्या खोलीत पलंग, आरशाची टेबलं मांडून फोनसमोर दाखवायचा. जेद्दा, दमाम अशा परदेशी शहरांतल्या बायका बघायच्या, आवडलं तर तिथल्या तिथे मागणी नोंदवायच्या. पण अर्ध्यात चित्र गोठायचं आणि महरूस तोंड उघडं टाकून तसाच राहायचा.

"राउटर ठेवलाय कुठे?" दुकानदाराने विचारलं.

"मागच्या खोलीत. कपाटाआड."

"कपाटाआड? अरे, राउटर आहे की पळवून आणलेली नवरी? घराच्या मध्यावर ठेव, उंच, आरशापासून लांब. मग हे यंत्रही लागणार नाही तुला."

"तू यंत्र दे," महरूस म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. घराच्या मध्यावर, दाराजवळच्या बोळात, उंच अशी एक फळी त्याच्याकडे होती. खास राउटरसाठीच केलेली. कडेला द्राक्षाची वेल कोरलेली. आता तिच्यावर किल्ल्या आणि विजेची बिलं पडलेली असायची.

ती फळी केली होती उस्ताद झैनहुमने.

झैनहुम वरच्या मजल्यावर एकटा राहायचा. जन्मभर लाकूड कोरलं, आणि जन्मभर करवतीच्या यंत्राशेजारी उभा राहून कान गमावले. शेवटी शेवटी अगदी बहिरा होता. समोरच्याच्या ओठांकडे बघायचा आणि काय बोलला ते ओळखायचा. त्याची एकुलती एक मुलगी वफा कुवेतला नर्स आहे. साधा फोन म्हाताऱ्याच्या काय कामाचा? त्याला तोंड दिसायला हवं. म्हणून कामावरून सुटली की ती अकराला व्हिडिओवर फोन करायची.

झैनहुमकडे नेट नव्हतं. महरूसनेच कधीकाळी उदार होऊन म्हटलं होतं, "उस्ताद, माझं घर ते तुमचं घर," आणि म्हाताऱ्याच्या फोनमध्ये स्वतःच्या हाताने पासवर्ड घातला होता. त्याच आठवड्यात उस्ताद फळी घेऊन आला. पण सिग्नल काही वरच्या मजल्यावर पोचेना. मग म्हातारा रोज रात्री खाली यायचा आणि महरूसच्या दाराबाहेर पायरीवर उशी टाकून बसायचा. तिथे सिग्नलच्या सगळ्या दांड्या भरायच्या. एका वर्षी घड्याळ मागे जायच्या रात्री तो दोन्ही अकरा बसून राहिला. महरूसची बायको इब्तिसाम त्याच्यासमोर जाऊन म्हणाली, "उस्ताद, एक अकरा झाले की. उठा आता."

"तिच्याकडचं घड्याळ मागे जात नाही ना," तो म्हणाला. "ती कुठल्या अकराला करेल, मला काय ठाऊक? दोन्ही धरून बसलेलं बरं."

सगळे हसले. महरूससुद्धा हसला.

मग लाइव्ह सुरू झालं. महिना संपायच्या आत नेट संपायला लागलं. एकदा मोठी मागणी ऐन वेळी चित्र गोठून हातची गेली, आणि महरूसच्या डोक्यात बसलं की हे सगळं पायरीवरच्या म्हाताऱ्यामुळे होतंय.

"मग तोंडावर सांग त्याला," इब्तिसाम म्हणाली. "चोरासारखा पासवर्ड काय बदलतोस?"

तोंडावर सांगायची त्याला लाज वाटली. त्याने गुपचूप पासवर्ड बदलला आणि राउटर फळीवरून काढून मागच्या खोलीत नेला.

त्या रात्री दार वाजलं. बहिरा माणूस दार वाजवतो तेव्हा जोरात वाजवतो. झैनहुम फोन पुढे करून उभा होता. "बाळा, आज हे काय झालंय बघ बरं."

"नेट गेलंय, उस्ताद. सगळ्या गल्लीचंच गेलंय."

म्हाताऱ्याने त्याचे ओठ पाहिले. मग खांद्यावरून आत पाहिलं. आत लाइव्हचा मोठा दिवा पेटलेला होता आणि पडद्यावर बायकांचे निरोप सरसर वर चढत होते. मग मात्र त्याने पुन्हा महरूसच्या ओठांकडे पाहिलं नाही.

"बरं," तो म्हणाला. "आलं की दार वाजव माझं. जोरात वाजव."

महरूसने ते कधीच वाजवलं नाही. म्हातारा तरीही रोज येऊन बसायचा. दाराच्या भिंगातून महरूसला दिसायचा. फोन तोंडाशी धरून एकटाच पुटपुटत असायचा. महरूस मनात म्हणायचा, वय झालं, स्वतःशी बोलायला लागला. आणि पाय न वाजवता आत जायचा. आपल्याच घरात आपण चवड्यांवर चालतोय, हे त्याला कळत होतं.

सप्टेंबरात उस्ताद झोपेतच गेला. वफा दोन दिवसांसाठी आली. शोकाला बसलेल्या माणसांत तिने महरूसला गाठलं आणि हळूच विचारलं, "महरूसभाऊ, शेवटी शेवटी बाबांचा फोनच लागत नव्हता. माझ्यावर रागावले होते का हो?"

एका वाक्यात तिच्या मनावरचा दगड उतरला असता. महरूस म्हणाला, "मला काय माहीत, ताई."

त्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याचा चाळिसावा दिवस होता. वफा सकाळच्या विमानाने यायची होती. आली की ती तोच प्रश्न पुन्हा विचारणार, आणि आपल्याला तिच्याकडे बघून पुन्हा खोटं बोलावं लागणार, हे महरूसला पक्कं माहीत होतं. तिला एक ओळ लिहून टाकावी म्हणून आठवडाभर तो फोन हातात घेत होता आणि खाली ठेवत होता. शेवटी काय केलं, तर यंत्र आणलं.

इब्तिसाम मुलांना घेऊन माहेरी गेली होती. घरात तो एकटाच. त्याने यंत्र जोडलं, नेटला नवं नाव दिलं, नवा पासवर्ड घातला. तो कुठे लिहिला नाही, कोणाला सांगितला नाही. सगळ्या दांड्या भरल्या. अकराला तो लाइव्ह बसला आणि सगळं सुरळीत चाललं. चित्र स्वच्छ होतं. एक पलंग गेलाही.

मग दमामच्या एका बाईने लिहिलं, "तुमचं दार वाजतंय."

महरूसने कान दिला. काही नव्हतं. "शेजाऱ्यांकडे असेल," असं म्हणून तो टेबलाचे खण उघडून दाखवायला लागला.

दुसरीने लिहिलं, "उघडा की हो दार. केव्हाचं वाजवतंय कोणीतरी."

तिसरीने लिहिलं, "किती जोरात वाजवतोय. बहिरा आहे का?"

महरूसच्या हातातला खण तसाच राहिला. घरात चिडीचूप होतं. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं... फक्त त्यांनाच येत होतं.

चित्र गोठलं. नेट गेलं.

नवं यंत्र हिरवं पेटलेलं. राउटर पेटलेला. फोनवर मात्र एकही दांडी नाही. तो फोन धरून खोलीभर फिरला. काही नाही. बैठकीत आला. काही नाही. बोळात पाऊल टाकलं... एक दांडी. रिकाम्या फळीखाली दोन.

दाराशी, सगळ्या.

त्याने भिंगाला डोळा लावला. जिन्यातला दिवा लागलेला होता. तो बटण दाबल्याशिवाय लागत नाही, आणि जरा वेळाने आपोआप विझतो. जिन्यात कोणी नव्हतं. पायरी रिकामी.

दिवा विझला.

तेवढ्यात हातातल्या फोनवर बारा वाजले... आणि अकरा झाले.

आता भिंगातून सगळा काळोख दिसायला हवा होता. दिसला नाही. पायरीपाशी, बसल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, निळसर उजेड होता. फोनचा असतो तसा. मागच्या भिंतीवर तो मंद हलत होता.

उजेड होता. माणूस नव्हता.

महरूस तिथेच उभा राहिला. भीती होतीच, पण मला तो म्हणाला, "खरं सांगू का, भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली. मी पुन्हा त्याच भिंगातून, त्याच पायरीकडे, तसाच चोरून बघत होतो."

बंद दाराआडूनच त्याने हाक मारली. "उस्ताद..."

काही नाही.

"उस्ताद, चुकलो."

काही नाही. उजेड तसाच.

मग त्याच्या ध्यानात आलं. अरे, याला ऐकू कुठे येतं.

त्याने कडी काढली. दार उघडलं. थंड हवा आत आली, आणि तिला ताज्या रंधा मारलेल्या लाकडाचा वास होता. तो उंबऱ्यावर बसला. फोनचा दिवा लावला आणि... पायरीकडे नाही, स्वतःच्या तोंडावर धरला. डोळे दिपले. समोरचं काही दिसेना. आता फक्त उस्तादलाच बघता येईल, असा तो बसला.

आणि बोलला. हळूहळू, ओठ नीट हलवत. नेट गेलं नव्हतं. मी तोडलं. पोरीला मी सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. सगळं. रडत होता, त्यामुळे ओठ नीट हलेनात. म्हणून पुन्हा पहिल्यापासून बोलला.

मग नवा पासवर्ड सांगितला. एकेक अक्षर, एकेक आकडा, लहान मुलाला सांगतात तसा.

थांबला.



त्याने दिवा बाजूला केला. काळोख. पायरी. पायरीवर काही नाही. निळा उजेड गेला होता.

झोप कुठली. राउटर कपाटाआडून काढून त्याने फळीवर ठेवला आणि सकाळपर्यंत दारापाशी बसला.

आठच्या सुमाराला वफा आली. खांद्याला पर्स, हातात बॅग, डोळे जागरणाने लाल. तिने काही विचारायच्या आत महरूस म्हणाला, "ताई, रागावले नव्हते ते. नेट मी तोडलं होतं. पासवर्ड बदलला, आणि त्यांच्याशी खोटं बोललो. मग तुझ्याशीही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. बापासारखीच, ओठांकडे.

"कशासाठी?"

"पलंग विकायला."

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. पर्समधून तिने म्हाताऱ्याचा फोन काढला.

"वर वीज नाही. मीटरच्या कार्डातले पैसे मागच्या वेळीच संपलेत," ती म्हणाली. "आज लोक येतील, बाबांचा फोटो लावायचाय. तो यात आहे. हा जरा चार्जिंगला लावता का?"

महरूसने तो फळीखालच्या प्लगला लावला. दोघं शेजारी उभी राहिली, एकमेकांकडे न बघता. पडदा हळूहळू उजळला. फोटोंचा कप्पा उघडायला वफाने हात पुढे केला, आणि तिच्या पर्समधला तिचा स्वतःचा फोन वाजला.

पुन्हा वाजला. पुन्हा. थांबेना.

तिने काढून पाहिला. बाबांचे निरोप होते, बोलून ठेवलेले. पायरीवर बसून, फोन तोंडाशी धरून, रोजचा एक. नेट नसल्यामुळे त्या फोनमध्येच अडकून पडले होते, आणि आता एकामागून एक जात होते. तिने पहिल्यावर बोट ठेवलं. बहिऱ्या माणसाचा असतो तसा मोठा आवाज बोळात घुमला.

"वफा, पोरी, इकडे नेट गेलंय. सगळ्या गल्लीचंच गेलंय. महरूस बिचारा फार धडपडतोय, त्याला काही बोलू नकोस हं. मी बसलोय इथे."

महरूसने भिंतीकडे तोंड केलं. म्हाताऱ्याने आत पेटलेला दिवा पाहिला होता. ज्या रात्री पाहिला त्याच रात्री हे बोलून ठेवलं होतं, त्याचंच खोटं शब्दाला शब्द लावून, त्याच्यासाठी.

वफा रडली, पोटभर रडली. मग डोळे पुसून तिने म्हाताऱ्याचा फोन उचलला आणि त्याच्या कोपऱ्याकडे बघत राहिली. सगळ्या दांड्या भरलेल्या होत्या.

"यात सिमसुद्धा नाही," ती म्हणाली. "मी काढून टाकलं होतं. मग हे निरोप गेले कसे? तुम्ही पासवर्ड घातलात?"

"मी हात लावला तो तुझ्यासमोरच, वायर लावण्यापुरता."

"आणि चाळीस दिवस हा माझ्याकडे होता. कुवेतला. कपाटात, बंद."

महरूसने फोन तिच्या हातातून घेतला आणि कुठल्या नेटला जोडलाय ते उघडून पाहिलं. नाव नवं होतं, आदल्या रात्री दिलेलं. त्याचा पासवर्ड आजवर एकदाच तोंडातून बाहेर पडला होता. रिकाम्या पायरीसमोर, स्वतःच्या तोंडावर उजेड धरून.