समोरून जबाब हवा

शेळ्यांनी बस अडवली आणि माझं नशीब उघडलं! तेव्हा मात्र मी चांगलीच वैतागले होते.

डोंगरातल्या गावची थेक्लाबाई, जिला सगळे आत्याच म्हणत, रविवारी मुलाकडे मेलबर्नला निघणार होती, कायमची. लग्नात दोन-दोन ओळींनी रंगणारं जुनं गाणं आमच्या क्रीट बेटावर आता तिच्याशिवाय कुणालाच पुरतं येत नव्हतं. ती गेली की तेही जाणार. हानिया शहरातल्या संग्रहालयासाठी लोकांच्या आठवणी रेकॉर्ड करणं हे माझं काम, आणि आत्यानं तर गायला फोनवरच नकार दिला होता! म्हणून मी थेट तिच्या गावाची बस धरली होती.

"हॉर्न वाजवून उपयोग नाही," शेळ्यांमधून वाट काढत एक जण खिडकीशी आला. काळेभोर डोळे, बाहीला ताज्या चीझचा वास. "त्या माझंही ऐकत नाहीत. रेकॉर्डरवाल्या अर्गिरो तुम्हीच ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्याकडे पाहुण्याआधी बातमी पोचते. मी लेफ्तेरिस, थेक्ला आत्याचा भाचा. उतरा, चालत लवकर पोचाल... माझ्याबरोबर."

उतरले! का, ते विचारू नका. वाऱ्यावर रानओव्याचा वास येत होता आणि तो सारखा मागे वळून बघत होता.

आत्या अंगणात बसली होती. "एकटीनं कशी म्हणू, पोरी? समोरून जबाब आला की मला पुढचं आठवतं. तुझं यंत्र देतं का जबाब?"

"मी देतो की," लेफ्तेरिसनं राकीचा, घरच्या द्राक्षदारूचा, पेला उचलला.

मी घाईघाईनं रेकॉर्डर सुरू केला. आत्यानं सूर लावला –

*"खिडकीखालून रोज जातोस, शेळ्या कुठं रे नेतोस?*
*कुरण तर वरच्या अंगाला, इकडून फेरा का घेतोस?"*

त्यानं जबाब दिला, पण बघत होता माझ्याकडे –

*"शेळ्यांना ठाऊक वाट कुरणाची, मलाच ती सापडत नाही,*
*तुझं दार ओलांडून पुढे पाऊल माझं पडत नाही."*

माझे कान तापले. आत्यानं काठी आपटली. "मेल्या, जबाब मला देतोयस की हिला? आता हिलाच बोलू दे. नाहीतर मी गप्प!"

"आत्या, आमचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येऊ द्यायचा नसतो. नियम आहे –"

"मग नियमालाच गायला सांग!"

रविवार डोळ्यांपुढे आला. तेवढ्यात लेफ्तेरिस हळूच म्हणाला, "मनात नसेल तर राहू दे, अर्गिरो. मी समजावतो तिला." त्याच्या आवाजात आता थट्टा नव्हती. आणि मनात तर होतंच! मी डोळे मिटले –

*"पाऊल पडत नाही म्हणतोस, मग उभा का नुसता दारात?*
*कडी केव्हाच काढली मी... ये ना सरळ घरात!"*

आत्यानं टाळी वाजवली, लेफ्तेरिसची राकी विजारीवर सांडली. मग आत्या थांबलीच नाही. ऊन उतरेपर्यंत ती आठवून आठवून गात राहिली. कधी तो जबाब द्यायचा, कधी मी. सगळं गाणं मिळालं!

सोमवारी संग्रहालयात आमच्या प्रमुख बाईंनी रेकॉर्डिंग ऐकून हेडफोन काढला. मी बोलणी खायची तयारी ठेवली होती.

"थेक्लाबाईंचा आवाज ओळखला. पण ही जबाब देणारी कोण? त्याच गावची का?"

"अजून नाही," मी म्हणाले. "द्राक्षांची तोडणी झाली की होणार आहे."