अंधारातली हिरवी कड

सोमवारी सकाळी नऊ वाजता शिपाई धाकूने अंधारखोलीचे कुलूप काढले, आणि भाताच्या रोपांच्या ट्रेंमध्ये त्याला विमलाताई पालथ्या पडलेल्या दिसल्या. डोक्यामागचे रक्त केव्हाच काळे पडले होते.

अकरा वाजता फौजदार वजीर होडेकर त्या दारात उभे होते. रत्नागिरीबाहेरच्या उघड्या कातळावर ही एकटी प्रयोगशाळा. खाली समुद्र होता; पण १९८६च्या ऑक्टोबरातल्या त्या सकाळी तोही श्वास रोखून बसल्यासारखा गप्प होता.

विमला नेवरेकर, वय अठ्ठावीस, भाताच्या पेशींवर संशोधन. मृत्यू शनिवारी संध्याकाळी, असे डॉक्टर म्हणाले. शेजारी रक्ताळलेली पितळी झारी पडली होती. ती रोज धाकूच्या हातात असे.

खोलीच्या किल्ल्या दोनच. एक धाकूकडे, दुसरी प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. काशीराम परुळेकर यांच्याकडे.

"मी शनिवारी दुपारीच पूर्णगडच्या घरी गेलो, तो आज परततो आहे," परुळेकर शांतपणे म्हणाले. "विमलाने या धाकूची तक्रार केली होती. नोकरी जाणार होती याची. आणखी काय हवे तुम्हाला?"

बाहेर जीप उभी होती. हवालदाराच्या हातात बेड्या होत्या. धाकू त्यांच्याकडे पाहत नव्हता. बंद दाराकडे पाहत होता.

"हे दार कुणी लावलं?" होडेकरांनी विचारले.

"मी, साहेब. ताईंना बघितलं न् आधी दार लोटलं. आत उजेड जाता नये. सवय."

"शनिवारी काय केलंस?"

"पाच वाजता पाणी घातलं न् निघालो. ताई आत व्हत्या. सावर्ड्याला भाचीचा साखरपुडा व्हता. रविवारचा अख्खा दिवस तिथंच. आज पहाटेच्या एस्टीनं आलो."

"भात अंधारात कशाला वाढवायचं?"

"ताई म्हणायच्या, पेशीत दोन चुली असतात. एक हिरवी, उजेडावर पेटते. दुसरी अंधारातही जळते, ती तंतुकणिका. ताईंना दुसरीच हवी. तिच्यात डीएनएचा धागा असतो न् त्याला धरून ठेवणारं, सरांनी शोधलेलं प्रथिन. ती पकड सुटली तर चुलीच्या आतल्या घड्या मोडतात न् दाणा फोल निघतो. उजेड शिरला तर हिरव्या चुलीची भेसळ होते."

"बराच शिकलास की!"

"आठ वरसं कानावर पडतंय. बायको म्हणते, आता पांढरा कोट तेवढा घालायचा रवलाय." तो हसायला गेला आणि रडू लागला.

"त्या प्रथिनानंच सर मोठे झाले ना?"

"व्हय. शनिवारी दुपारी ताई सरांना म्हणाल्या, सर, तेव्हा आपल्या ट्रेत उजेड शिरला व्हता. ते प्रथिन हिरव्या चुलीचं. मी फोटो काढलेत." धाकूने आवाज उतरवला. "सर नुसते हसले."

होडेकरांनी सावर्ड्याच्या पोलिसांना फोन लावला आणि मग ते अंधारखोलीत शिरले. छताला मंद हिरवा दिवा. त्या प्रकाशात रोपांना बाधा होत नव्हती, पण वहीतले अक्षरही लागत नव्हते. त्यांनी बॅटरी पेटवली. रोपे फिकट पिवळी, आजारी माणसाच्या बोटांसारखी. फक्त खिडकीकडची कड हिरवी होती, आणि खिडकीकडे झुकलेली. खिडकीवर काळा कागद होता. खाऱ्या वाऱ्याने त्याचे खिळे गंजले होते. चार मात्र लखलखीत होते.

तासाभराने सावर्ड्याहून उत्तर आले. होडेकरांनी धाकू आणि परुळेकरांना अंधारखोलीत बोलावले.

"धाकू, शनिवारी रोपं कशी होती?"

"नुसते कोंब, साहेब. नखाएवढे, पिवळे."

"म्हणजे ती हिरवी झाली त्यानंतर. शनिवारी पाचनंतरच्या मावळत्या उन्हाने किंवा आज दोन मिनिटं उघडलेल्या दाराने एवढा रंग चढत नाही. रविवारी दिवसभर ही खिडकी उघडी होती. प्रेत आत असताना कुणीतरी इथे बसलं होतं, आणि जाताना त्याने कागद नव्या खिळ्यांनी ठोकला. धाकू रविवारी सावर्ड्यात होता. तीस माणसं साक्षीला आहेत. उरली एक किल्ली."

परुळेकर हसले. "आणि मी इथे काय करत होतो म्हणता?"

"फोटो शोधत होतात. शनिवारी दुपारी तुम्ही पूर्णगडला गेलाच नाहीत. धाकू निघेपर्यंत थांबलात आणि झारी उचललीत. ती कुणाच्या हातातली, हे ठाऊक होतं; तक्रारीची गोष्टही त्यासाठीच रचलीत. धाकूने खिडकीला कधीच हात लावला नसता. पण उजेड लागला तर काय होतं, हे पंधरा वर्षांत स्वतः एकही रोप न वाढवलेला माणूस विसरतो. पूर्वी जी चूक तुमच्या कीर्तीखाली झाकली गेली, तीच तुम्ही काल पुन्हा केलीत."

परुळेकरांनी छताच्या हिरव्या दिव्याकडे पाहिले.

"त्या दिव्यात काही दिसतच नव्हतं," परुळेकर अखेर पुटपुटले. "दिवसभर शोधले. तिच्याशेजारी बसून."

"सापडायचे कसे?" धाकू म्हणाला. "शुक्रवारीच ताईंनी लेख न् फोटो पाकिटात घातले. मीच पोस्टात जाऊन पुण्याच्या मासिकाला रजिस्टर केलं."

परुळेकरांनी मान वर केली. "तिच्या एकटीच्या नावाने?"

"नाय, सर. ताईंनी मला वाचून दाखवलं व्हतं. दोघांची नावं व्हती." धाकूने डोळे पुसले. "तुमचं पयलं."