सहावी ओळ

दिवा राहू दे बंद, नकुल. मायरा, पांघरूण घे, कार्डिफची थंडी काही तुझी मावशी लागत नाही. आणि मध्ये हसायचं नाही. ही गोष्ट माझ्या मित्राची आहे, विष्णूची.

साउथहॅम्प्टनला त्याचं फ्रेमचं दुकान. खाली दुकान, वर घर. वेम्बलीच्या देवळांतल्या कितीतरी तसबिरी त्यानेच मढवलेल्या. तीस जानेवारी, दोन हजार चोवीस, मंगळवार. आसावरी म्हणून एक मुलगी, युनिव्हर्सिटीत जपानी शिकवते, ती जुनं चित्र घेऊन आली. लाकडी ठशांनी छापलेलं. खाली आरशासमोर बसलेली बाई, वर उभ्या ओळींत कविता. म्हणाली, "काका, उद्या सकाळी मिळेल का? एक्झिबिशनला द्यायचंय."

विष्णूची बायको लीलावती तेव्हा हॉस्पिटलमध्ये होती. तिसरा आठवडा. संध्याकाळी नर्स त्याला म्हणाली, आज रात्री थांबलात तर बरं. हा म्हणाला, एक फ्रेम द्यायची आहे. आणि निघून आला.

"पण काका, त्याचा बायको एवढी आजारी होती, मग तो का गेला?"

त्याची बायको, मायरा. अगं, त्याच्या आत काही उरलंच नव्हतं. रडू नाही, भीती नाही. मला म्हणाला, कमलाकर, हात चालत होते तेवढे चालू दिले. मला त्याचा राग आला होता. अजून थोडा आहे.

आता एक ऐका. चाळीस वर्षांत लीलाने एकदाही त्याचं नाव घेतलं नव्हतं. लग्न रजिस्टर, तिथे कोण उखाणा मागणार? दर संक्रांतीला हळदीकुंकवाला बायका तिच्या मागे लागायच्या. ती सुरू करायची, "साउथहॅम्प्टनच्या बंदरात बोटी लागल्या चार..." आणि नाव यायच्या आधी हसत सुटायची. विष्णू दाराआड उभा असायचा. एकदा तरी ऐकायचं होतं त्याला.

त्या रात्री पावणेतीनला फ्रेम झाली. काच बसली, मागून टेप लागला. देवीची तसबीर झाली की काचेवर कुंकवाचं बोट लावायची त्याची सवय. हात सवयीने गेला. बाईच्या कपाळावर टेकला. संक्रांतीचे दिवस. हळदीकुंकवाला बायका म्हणायच्या तसंच तोंडातून निघालं, "घ्या आता नाव."

चूक झाली, असं त्याला वाटलंसुद्धा नाही. तो पुसायला फडकं शोधायला लागला.

मागे कुणीतरी घसा खाकरला.

त्याने वळून पाहिलं नाही. बाहेर रस्ता रिकामा. मग आवाज. अगदी जवळून.

"साउथहॅम्प्टनच्या बंदरात... बोटी लागल्या चार..."

हसू नाही. नुसता श्वास. पुढचं येणार होतं. तो तसाच उभा... हातात फडकं...

फोन वाजला.

वॉर्डातून होता. लीला दहा मिनिटांपूर्वी गेली होती. फोन ठेवला तेव्हा दुकानात काहीच नव्हतं. पुढचं त्याला ऐकू आलंच नाही. तो तिथेच बसून राहिला, उजाडेपर्यंत. दुःखही झालं नाही, म्हणाला. काहीच झालं नाही.

सकाळी आसावरी आली. त्याने फ्रेम पुढे केली. ती कविता वाचायला लागली. बोट काचेवरून खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. मग थांबली.

"काका, ही कविता पाच ओळींची आहे. काल मी फोटो काढलाय, त्यात पाचच आहेत. ही सहावी कुठून आली?"

विष्णूने चष्मा लावला.

ते चित्र आसावरीने परत नेलं नाही. मी पाहिलंय. टेप कुणी उचकटलेला नाही. शाई तीच, दोनशे वर्षांची, कागदात मुरलेली. पाच ओळी जपानी. सहावी आपली. एकाखाली एक अक्षरं, लीलाच्या वळणाची...

विष्णूराव.